दुहेरी उपयोगाचा वळू मांसाच्या बाजूने कसा जोखावा? फ्लेकफी गोवंशाच्या पैदास मूल्याविषयी

इझारकाठ (धागाकर्ता)

वळूला दूध येत नाही, म्हणून त्याच्या दुधाच्या गुणाची पारख मुलींवरून करावी लागते, ही गोष्ट आपल्याकडे कृत्रिम रेतन करणाऱ्या कार्यकर्त्यापासून डेअरीच्या सचिवापर्यंत सर्वांना ठाऊक असते. मांसाच्या बाबतीत मात्र वळू समोर उभा असतो, त्याचे वजन करता येते, पुठ्ठे हाताने चाचपता येतात. त्यामुळे इथे तरी संततीची वाट पाहावी लागणार नाही असे वाटते. बव्हेरियात आल्यावर पहिले वर्षभर मलाही तसेच वाटत होते, आणि वळूंच्या सूचीतला ‘फ्लाइशवेर्ट’, म्हणजे मांसमूल्य, हा रकाना वळूच्या अंगावरच्या मांसाची प्रत असावी असे समजून मी तो चुकीचा वाचत होतो. त्या रकान्याचा मूळ पाया वळूच्या मुलांच्या कत्तलखान्यातील नोंदी हा आहे. दुधासाठी मुली आणि मांसासाठी मुलगे, अशी ही एकाच बापाची दोन खाती आहेत.

ज्यांना या गोवंशाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लेकफी म्हणजे तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांची, पांढऱ्या तोंडाची गाय. तिचे मूळ स्वित्झर्लंडमधील बर्न प्रांतातल्या झिमे नदीच्या खोऱ्यात आहे, म्हणूनच जगभर ती सिमेंटल या नावाने ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकात ती बव्हेरियात आली आणि आज बव्हेरिया व ऑस्ट्रिया येथील बहुसंख्य गुरे याच वंशाची आहेत. पूर्वी तिच्याकडून दूध, मांस आणि ओढकाम अशी तीन कामे घेतली जात. ट्रॅक्टर आल्यावर तिसरे काम गळून पडले आणि उरलेल्या दोन कामांमुळे ती ‘दुहेरी उपयोगाची’ ठरली.

आता यातला खरा पेच पाहा. गाईला कोणत्या वळूची रेतमात्रा द्यायची हे दूध उत्पादक शेतकरी ठरवतो. त्याच्या गोठ्यात जन्मलेला गोऱ्हा पाच-सहा आठवड्यांचा झाला की लिलावात विकला जातो, तो दुसराच शेतकरी विकत घेतो, मक्याच्या मुरघासावर वाढवतो आणि साधारण दीड वर्षाचा झाल्यावर कत्तलखान्यात पाठवतो. म्हणजे निवड एकाची आणि त्या निवडीचे फळ दुसऱ्याच्या दावणीला. दूध उत्पादकाला मांसगुणाचा मोबदला मिळतो तो फक्त वासराच्या लिलावातल्या किमतीतून, आणि तिथे घेणारा जे डोळ्यांनी पाहू शकतो तेवढ्याचेच पैसे देतो. अशा स्थितीत मांसाच्या गुणाकडे लक्ष राहावे यासाठी कोणीतरी तिऱ्हाइताने वळू संततीला किती गुण देईल याचा अंदाजी आकडा, म्हणजेच पैदास मूल्य, काढून सूचीत छापणे आवश्यक ठरते. पैदास मूल्याचे हे सामाजिक काम गणिताच्या पुस्तकात सापडत नाही, परंतु माझ्या मते ते निम्मे काम आहे.

आकडा कशाचा काढतात? तीन गुण घेतात. पहिला गुण म्हणजे निव्वळ दैनिक वाढ: सोललेल्या धडाच्या वजनाला कत्तलीच्या दिवशीच्या वयाच्या दिवसांनी भागायचे. ४३० किलोचे धड ५६० दिवसांत तयार झाले तर ती वाढ दिवसाला ७६८ ग्रॅम होते. ४०० किलोचे धड ५०० दिवसांत तयार झाले तर ८०० ग्रॅम. दुसरा गोऱ्हा हलका असूनही सरस आहे, कारण त्याने साठ दिवसांचा चारा आणि जागा वाचवली. दुसरा गुण म्हणजे उतारा. उसाचा साखर उतारा काढतात तसाच हा, जिवंत वजनाच्या किती टक्के धड हाती लागले याचा. तिसरा गुण म्हणजे व्यापारी प्रत. युरोपात धडाच्या मांसलपणाला ई, यू, आर, ओ, पी अशी अक्षरे देतात; ई सर्वांत भरदार आणि पी सर्वांत उतरती. फ्लेकफी गोऱ्ह्यांची धडे बहुतेक यू आणि आर या दोन प्रतींत पडतात, त्यामुळे पैदासकाराचे लक्ष या दोन अक्षरांमधल्या सीमारेषेवरच खिळलेले असते. तिन्ही गुणांत सर्वांत मोठा भार निव्वळ वाढीला दिला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण वय व वजन या दोन्ही गोष्टी नेमक्या मोजता येतात.

हे सारे जमते ते कानातल्या बिल्ल्यामुळे. ‘मॅड काऊ’ रोगाच्या संकटानंतर युरोपीय संघात प्रत्येक गुराला दोन्ही कानांत बिल्ला आणि मध्यवर्ती नोंद सक्तीची झाली. जर्मनीत ही नोंद १९९९ पासून एका सामायिक विदागारात होते. रोगाचा माग काढण्यासाठी उभारलेली ती व्यवस्था पैदासशास्त्राला आयतीच सापडली: जन्माच्या नोंदीत आई सापडते, आईच्या रेतन नोंदीत बाप सापडतो, कत्तलीच्या नोंदीत वजन आणि प्रत सापडते. मधल्या काळात वासरू कितीही हातांतून फिरले तरी दोरा तुटत नाही.

पुढचा प्रश्न असा की बापाला किती मुलगे लागतात. निव्वळ वाढीची आनुवंशिकता साधारण ०.२५ धरू, म्हणजे समान परिस्थितीत वाढलेल्या गोऱ्ह्यांत दिसणाऱ्या फरकांपैकी चौथा हिस्सा रक्ताचा आणि बाकीचा चारा, आजारपण, नशीब यांचा. सावत्र भावांच्या नोंदींवरून बापाच्या मूल्याची विश्वासार्हता काढण्याचे जुने सूत्र सोपे आहे: मुलांची संख्या भागिले मुलांची संख्या अधिक १५. यातला १५ हा आकडा आनुवंशिकतेवरून येतो, चारमधून ०.२५ वजा करून ०.२५ ने भागले की १५ मिळतात. त्यानुसार १५ मुलांवर विश्वासार्हता ५० टक्के, ६० मुलांवर ८० टक्के आणि १३५ मुलांवर ९० टक्के होते. आता याच मापाने वळूचे स्वतःचे वजन पाहा. एका जनावराच्या स्वतःच्या एका नोंदीची विश्वासार्हता आनुवंशिकतेइतकीच, म्हणजे २५ टक्के. आणि सूत्रात पाच मुलगे घातले तरी २५ टक्केच येतात. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार खोंडाभोवती फिरून शिंगांची ठेवण, खूर आणि चाल पाहणाऱ्या जाणत्याचा मला मनापासून आदर आहे. पण वाढीच्या गुणापुरते बोलायचे तर एका काटेकोर वजनाची किंमत पाच मुलांच्या नोंदींएवढी आहे, आणि साठ मुलगे त्याला सहज मागे टाकतात.

सूचीत मूल्य छापताना सरासरी १०० धरतात आणि आनुवंशिक विचलनाचे, म्हणजे जनावराजनावरांतल्या रक्ताच्या फरकाचे, एक माप म्हणजे १२ अंक. मांसमूल्य १२४ असलेला वळू सरासरीच्या दोन मापे वर आहे, मात्र तो वासराला त्यातले अर्धेच देतो. उरलेले अर्धे आईकडून ठरते. सर्व गुण एकत्र करून काढलेल्या एकूण पैदास मूल्यात फ्लेकफीसाठी दुधाला ३८ टक्के, मांसाला १८ टक्के आणि आरोग्य, प्रजनन व दीर्घायुष्य यांच्या गटाला ४४ टक्के असा भार आहे. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या याच संयुक्त यंत्रणेत ब्राऊन स्विस या दूधप्रधान गोवंशासाठी मांसाचा भार जेमतेम ५ टक्के आहे. ‘दुहेरी उपयोग’ या शब्दाला आकड्यांत जो काही अर्थ आहे तो १८ आणि ५ यांमधल्या या अंतरात आहे.

उदगीरकर

अतिशय उपयुक्त धागा. आमच्या लातूर भागात देवणीला दुहेरी उपयोगाची म्हणतात, पण त्या दुहेरीपणात दूध आणि बैल येतात, मांस येत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे तुम्ही सांगितलेली मोजपट्टी इथे गाईच्या वंशाला लागू होण्याचा प्रश्नच नाही, हे आधीच स्पष्ट करतो म्हणजे चर्चा भरकटणार नाही. मला विचारायचे आहे ते उताऱ्याविषयी. उतारा काढायला जिवंत वजन लागते. कत्तलखान्यात प्रत्येक जनावराचे जिवंत वजन खरोखर होते का? आणि प्रवासात, उपाशी राहिल्याने जे वजन घटते त्याचे काय?

इझारकाठ

उदगीरकर, तुम्ही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलेत. धडाचे वजन नेमके, वय नेमके, प्रत बऱ्यापैकी नेमकी. जिवंत वजन मात्र डळमळीत. पोट भरलेल्या आणि रात्रभर उपाशी ठेवलेल्या एकाच गोऱ्ह्याचा उतारा वेगवेगळा निघतो, कारण भागाकारातली खालची संख्या बदलते. वजने एकाच पद्धतीने झाली असतील तरच उतारा हा रक्ताचा गुण म्हणून बोलू लागतो, एरवी तो गाडीच्या प्रवासाचा गुण होऊन बसतो. म्हणून निव्वळ वाढीची व्याख्याच धडाच्या वजनावर केलेली आहे, ही मला या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते: पोटातला चारा आणि पाणी आपोआप हिशेबाबाहेर गेले.

गणिती

संख्या भागिले संख्या अधिक १५ हे सूत्र बरोबर आहे, परंतु ते आदर्श स्थितीचे आहे आणि वाचकांची त्याने दिशाभूल होऊ शकते. तुलना नेहमी बरोबरीच्यांशी होते, म्हणजे त्याच गोठ्यात, त्याच हंगामात वाढलेल्या इतर वळूंच्या मुलांशी. एखाद्या गटात या वळूचे क्ष आणि इतरांचे य गोऱ्हे असतील, तर त्या गटाकडून मिळणारी परिणामकारक संख्या म्हणजे क्ष आणि य यांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज. एकटा मुलगा नऊ परक्यांबरोबर वाढला तर तो ०.९ मुलगा धरायचा. एकाच परक्याबरोबर वाढला तर ०.५; आणि एका गोठ्यात दहाच्या दहा गोऱ्हे याच बापाचे असतील तर परिणामकारक संख्या शून्य, कारण गोठा चांगला की बाप चांगला हे सांगायला कोणी उरत नाही. साठ मुलगे असूनही प्रत्येकाला एकेकच सोबती मिळाला असेल तर हिशेबात तीसच धरायचे आणि विश्वासार्हता ८० वरून ६७ टक्क्यांवर येते. छोटे गोठे असलेल्या मुलखात हे नेहमीचे दुखणे असणार.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वळू सर्व गाईंना सारखा वाटला जात नाही. महागड्या वळूची रेतमात्रा चांगल्या गाईंना दिली जाते. मग मुलांचा चांगुलपणा बापाच्या खात्यावर जमा होत असेल, तर तो अन्याय नाही का?

इझारकाठ

दोन्ही मुद्दे मान्य. गटांच्या बाबतीत एक दिलासा असा की वासरांचा लिलाव हेच इथले सरमिसळीचे यंत्र आहे. एका दूध उत्पादकाकडे एकाच वळूची पाच वासरे जन्मली तरी लिलावात ती पाच घरी जातात आणि प्रत्येक घरी परकी भावंडे भेटतात. वासरे विकण्याची जी रीत मी वर पेच म्हणून सांगितली तीच मोजणीच्या दृष्टीने वरदान ठरते.

आईविषयीचा आक्षेप जुन्या तुलनेला लागू होता. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे चार्ल्स हेंडरसन यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात वळू, आई, आजोबा, चुलत भावंडे यांची मूल्ये एकाच समीकरणसंचात एकाच वेळी सोडवली जातात. चांगल्या आईचे श्रेय आईकडे जाते आणि बापाला त्याचा वाटा मिळतो. मात्र यासाठी आईचीही मांसगुणाची माहिती नात्यांतून यावी लागते, आणि बापाचीच नोंद चुकली असेल तर कोणतेही समीकरण ती चूक भरून काढू शकत नाही.

गणिती

मग १८ टक्क्यांचा भार म्हणजे काय याचाही खुलासा करा. उत्पन्नातला मांसाचा वाटा १८ टक्के, असा अर्थ मी आधी लावला होता.

इझारकाठ

तसा अर्थ बहुतेक जण लावतात. भार ठरवताना एका गुणात आनुवंशिक विचलनाच्या एका मापाने सुधारणा झाली तर शेतकऱ्याला किती जादा नफा होतो हे काढतात आणि सर्व गुणांचे ते नफे एकमेकांच्या प्रमाणात मांडतात. उत्पन्नाचा वाटा आणि सुधारणेचा नफा या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय भार म्हणजे प्रगती नव्हे. दूध आणि मांसलपणा यांच्यात किंचित विरोधी संबंध आहे. जी गाय अंगातले सारे दुधात उतरवते तिच्या पुठ्ठ्यांवर ते दिसत नाही. त्यामुळे १८ पैकी बराचसा जोर मांसगुण घसरू न देण्यातच खर्च होतो. भार काढून टाकला तर हा गोवंश काही पिढ्यांत हाडकुळ्या दुधाळ गाईकडे सरकेल, असे माझे स्पष्ट मत आहे. रेड होल्स्टीन या दुधाळ जातीचे रक्त जिथे भरपूर घातले गेले तिथे तो बदल नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

फलटणचा गोठा

माझा अनुभव केवळ दुधाच्या संकरित गाईंचा आहे. एकदा अंगापिंडाने दणकट वळूच्या रेताच्या कांड्या पहिलारू कालवडींना भरल्या आणि एका कालवडीचे वासरू अडले. डॉक्टर येईपर्यंत पहाट झाली आणि वासरू हाती लागले नाही. तेव्हापासून भरदार वळू म्हटले की मला आधी विण्याची काळजी वाटते. मांसमूल्य वाढवत नेले तर तिकडच्या गाईंचे काय होते?

इझारकाठ

तुमची काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच मांसाचा रकाना एकट्याने वाचू नये. सुलभ प्रसूतीचे मूल्य वेगळे काढतात आणि तेही दोन प्रकारे: या वळूची वासरे जन्मताना कितपत अडतात हे एक, आणि त्याच्या मुली स्वतः विताना कितपत अडतात हे दुसरे. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उलटही जाऊ शकतात, कारण लहान अंगाची वासरे देणाऱ्या वळूच्या मुली मोठेपणी अरुंद कटीच्या निघू शकतात. जन्मवजन आणि पुढची वाढ यांचे नाते घट्ट असले तरी पूर्ण नाही, म्हणून जन्मताना बेताचे आणि नंतर झपाट्याने वाढणारे गोऱ्हे देणारे वळू सापडतात. कालवडींसाठी सूचीत आधी प्रसूतीचा रकाना पाहायचा आणि त्यातून उरलेल्यांत मांसमूल्य पाहायचे, हा इथल्या जाणत्या शेतकऱ्यांचा क्रम आहे.

रानवाट

आता जनुकीय चाचणी आली आहे. वासराच्या कानाचा तुकडा तपासून मूल्य कळत असेल, तर साठ मुलांची दीड वर्ष वाट पाहायची कशाला?

इझारकाठ

जर्मनी-ऑस्ट्रियाच्या संयुक्त यंत्रणेत फ्लेकफीची जनुकीय मूल्ये २०११ पासून अधिकृत आहेत, आणि एप्रिल २०२१ पासून वंशावळ, नोंदी व जनुकीय खुणा (चाचणीत ओळखता येणाऱ्या डीएनएतल्या जागा) या तिन्ही एकाच टप्प्यात एकत्र सोडवल्या जातात. आज बहुतेक तरुण वळू मुलगे जन्मण्याआधीच निवडले जातात, हे खरे. पण खुणेला स्वतःची किंमत नसते. अमुक खूण असलेल्यांची धडे भरदार निघाली हे कत्तलखान्यातल्या नोंदींवरूनच शिकलेले असते. आणि पिढ्यागणिक खूण व खरा जनुक यांची जोडी सैल होत जाते. नोंदी थांबल्या तर काही वर्षे आकडे छापले जातील, ते नीटनेटके दिसतीलही, फक्त त्यांचा गोऱ्ह्यांशी संबंध विरळ होत जाईल.

उदगीरकर

हे वाचताना एक गोष्ट जाणवली. देवणीच्या बैलपणाला तुमच्यासारखे खाते नाही. गाईचे दूध निदान काही ठिकाणी मोजले जाते, पण बैल किती ओढतो, किती तास टिकतो, याची नोंद वळूच्या नावावर जमा होत नाही. गोऱ्हा बाजारात विकला गेला की बापाशी असलेला धागा तिथेच तुटतो. मोजला जाणारा एकच गुण दूध असेल तर दुहेरी वंश हळूहळू एकेरी होणार, हे तुमच्या १८ टक्क्यांच्या स्पष्टीकरणावरून उघड दिसते. म्हशींच्या बाबतीत तर कायद्याची अडचणही नाही, कारण रेडे त्या बंदीत येत नाहीत. तरी पंढरपुरी किंवा मराठवाडी रेडकाच्या वाढीची नोंद बापाच्या नावे करण्याचा कोणी विचार करत नाही आणि बरीचशी रेडके दूध न मिळाल्याने लहानपणीच मरतात.

इझारकाठ

रेडकांविषयी तुम्ही जे लिहिले आहे तिथे सुरुवात सोपी आहे. छातीचा घेर फितीने मोजून वजनाचा अंदाज काढता येतो. सहा महिने आणि वर्ष अशा दोन वेळा घेर, सोबत जन्मतारीख आणि बापाचा क्रमांक एवढे पुरे. पण एका गोठ्यात किमान दोन वळूंची रेडके हवीत, नाहीतर गणितींनी सांगितलेला शून्य पदरात पडेल.

गणिती

शेवटची शंका. लिंगनिर्धारित रेतमात्रा आता आपल्याकडेही मिळतात. तुमच्याकडे उत्तम गाईंना मादी वासराची कांडी आणि उरलेल्यांना निव्वळ मांसाच्या जातीची कांडी, असे चालू झाले असेल, तर शुद्ध फ्लेकफी गोऱ्हे जन्मणार कुठून, आणि वळूचे मांसमूल्य काढणार कोणावरून?

इझारकाठ

याच प्रश्नावर मी अडलो आहे. बेल्जियन ब्लू या मांसाच्या जातीच्या संकरित वासराला लिलावात चांगली किंमत येते, म्हणून दूध उत्पादकाला तो मार्ग सोयीचा वाटतो. त्यामुळे दोन गोष्टी घडतात: शुद्ध मुलगे कमी होतात, आणि जे जन्मतात ते निवडक गाईंचे नसल्याने नमुना एकांगी होतो. भाकड झाल्यावर कापल्या जाणाऱ्या गाईंची धडे, म्हणजे वळूच्या मुलींच्या नोंदी, काही प्रमाणात कामी येऊ शकतील. परंतु गाईचे धड तिचे वय, किती वेळा व्यायली आणि कोणत्या कारणाने गोठ्यातून काढली यांवर इतके अवलंबून असते की दीड वर्षाच्या गोऱ्ह्याइतके ते स्वच्छ बोलत नाही. तूर्त मी सूची वाचताना मांसमूल्याशेजारी छापलेली विश्वासार्हता आधी पाहतो आणि ती खाली असेल तर त्या वळूच्या बापाचा जुना आकडा शोधून काढतो, कारण त्याच्या काळात मुलगे भरपूर कापले गेले होते.